भाऊजी, डबऱ्याचं काय करायचं?

भाऊजी,

तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागे सरतोय तोच समोरच्या करंजावरून एक कावळा उतरला आणि भाताचं शीत उचलून गेलासुद्धा. घाटावरच्या सगळ्यांना हायसं वाटलं. "सुभेदार समाधानानं गेलं," कुणीतरी म्हणालं. "काय सुदीक मागं ठेवलं न्हाई मानसानं." तुमचे दादा डोळे पुसत मान हलवत होते. बायका हौसाला सांगत होत्या, "बग बाई, किती सुखात गेलं तुजं मालक." त्या सगळ्या गर्दीत कावळ्यावर चिडलेली अशी मी एकटीच असेन.

हे लिहून झालं की मी कॅनडात नातवंडांना, अनघा आणि निखिलला, पाठवणार आहे. तुम्ही गेल्याचं त्यांना तारेनं कळवलं, पण तारेच्या त्या चार शब्दांत तुम्ही कुठे मावणार? म्हणून बोलतेय तुमच्याशी, आणि मधूनमधून मुलांना कळावं म्हणून थोडं सोडवून सांगतेय. तुम्ही म्हणाल, वैनी शाळा सोडून आल्या तरी फळा काय सोडत नाहीत. म्हणा.

तर मुलांनो, आपल्याकडे दहाव्या दिवशी नदीवर भाताचा पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. गेलेल्या माणसाची एखादी इच्छा राहिली असेल तर कावळा जवळ येत नाही. मग घरातली माणसं हात जोडून मोठ्यानं शब्द देतात, लेकीचं लग्न करू, भावाला अंतर देणार नाही, असं काहीबाही. शब्द पटला की कावळा शिवतो, आणि चार लोकांदेखत दिलेला तो शब्द मग कुणाला मोडता येत नाही.

माझा कावळ्यावर विश्वास नाही, भाऊजी, हे तुम्हाला माहीत आहे. पण चार माणसांत दिलेल्या शब्दावर आहे. मी माझं वाक्य घरून तयार करून आणलं होतं. कावळा जरा थांबला असता, तर मी पुढे होऊन म्हणणार होते, "भाऊजी, तुमचं डबरं कुणी बुजवणार नाही." अख्खं गाव घाटावर होतं. पण त्या कावळ्यानं मला तोंडच उघडू दिलं नाही.

आणि घरी परत येताना, ओल्या धोतराचा सोगा हातात धरून चालता चालता, तुमचा सुरेश मला म्हणाला, "मोठी आई, आबांची कायबी इच्छा ऱ्हायली न्हाई, बगितलंस न्हवं? आता ते डबरं मुजवून टाकू. ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठिवलंय. पावसाच्या आदी रान सपाट झालं की आडसाली उसाची लागण करता येईल."

त्याचा राग येत नाही मला. कुपवाडच्या कारखान्यात दिवसभर यंत्रापुढे उभा राहतो, तिथून स्कूटरवरून धूळ खात येतो, आणि आल्यावर बापाचं रान बघतो. त्याच्या लेकीला दर श्रावणात ताप येतो. पाणी साचलेला खड्डा त्याला दिसतो तो तिच्या तापाचा. पण मी मात्र तेव्हापासून नीट जेवलेली नाही.

मुलांना ते डबरं आठवत असेल. रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या अलीकडे. मामंजींनी घर बांधलं तेव्हा विटांसाठी माती काढली, तिथं हा मोठा खड्डा राहिला. ऊस झाला, नदीवरून लिफ्टचं पाणी आलं, सगळ्यांनी आपापली रानं दोरी लावून सरळ करून घेतली. आपलं डबरं तेवढं राहिलं. त्यात ऊस लावला असता तर गुऱ्हाळाला गुळाचं एक आधण जास्त झालं असतं, असं गाव म्हणायचं. तुम्ही पलटणीतून पेन्शनीत आलात आणि पहिल्याच आठवड्यात जाहीर केलंत की डबऱ्याला हात लावायचा नाही. का, ते सांगितलं नाहीत. मी विचारलं की दर खेपेला वेगळं उत्तर. एकदा म्हणालात, "म्हशीला डुंबाया." आपल्याकडे तेव्हा म्हैस नव्हती. एकदा म्हणालात, "वैनी, पल्टनीत प्रत्येक क्याम्पात एक जागा अशी सोडत्यात, जितं सायबाचं चालत न्हाई." आणि एकदा नुसतेच हसलात.

बेडकांसाठी, हे मला पुढे दुष्काळात कळलं.

दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा. आडाचा तळ दिसत होता, आणि गल्लीतल्या बायकांनी पावसासाठी धोंडी काढली. मुसळाला लिंबाचा पाला बांधायचा, त्यात एक बेडूक उलटा टांगायचा, आणि दारोदार जाऊन देवाकडे पाऊस मागायचा. घरातल्या बाईनं त्या बेडकावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि पसाभर धान्य द्यायचं. संध्याकाळपर्यंत बेडूक बहुधा मेलेला असे. पाऊस मागायला जायचं आणि पावसाच्याच प्राण्याला उन्हात वाळवायचं, ही चूक आपल्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या कधी दिसली नाही.

आपल्या दारात घोळका आला. पुढे मुसळ धरलेली गंगूबाई. तुम्ही ओसरीवरून उतरलात.

"ह्यो उलटा कशापायी टांगलाय?"

"रीत हाय, सुभेदार. पानी घाला."

"रीत पानी मागायची हाय. ह्येनं काय गुन्हा केलाय? फाशी देतानाबी मानसाला सरळ उबं करत्यात."

"मग तुमीच चला की मुसळावर," गंगूबाई म्हणाली. "तुमचा आवाज ह्येच्यापरास मोठा हाय. देवाला लवकर आयकू जाईल."

बायका अशा हसल्या की तुमच्या मिशा क्षणभर खाली आल्या. पण तुम्ही हटला नाहीत. आधी रीतीप्रमाणे पाणी ओतलंत. मग आतून हौसाची बुट्टी आणलीत, तिच्यात ओलं फडकं घातलंत आणि म्हणालात, "ह्यात बसवून न्या. राजावानी बसंल. वरनं पाला झाका. आनि सांजच्याला माज्याकडं आनून द्या, सूपभर जोंधळं देतो." सूपभर जोंधळे त्या दिवसांत म्हणजे काय होतं, ते मुलांना कसं सांगू? हौसा दारामागून बघत होती.

संध्याकाळी बेडूक जिवंत परत आला. तुम्ही त्याला रांजणाखालच्या ओलीत सोडलंत. तेव्हापासून आपल्या गल्लीची धोंडी बुट्टीतून निघते. आता तर बायका म्हणतात, पहिल्यापासून अशीच रीत होती.

त्या रात्रीच्या जेवणापासून आपलं भांडण सुरू झालं, ते आजतागायत मिटलेलं नाही. मी म्हटलं होतं, ही अंधश्रद्धा आहे, गावाला समजावून ती बंदच करायला हवी. तुम्ही म्हणालात, "वैनी, रीत मोडली तर बाया रुसत्यात. रीत वाईच सरळ केली तर कुनाला पत्ताबी लागत न्हाई." मी म्हटलं, पत्ता लागल्याशिवाय केलेलं काम तुमच्याबरोबर संपेल. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "मी काय इतक्यात संपत न्हाई."

मी इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. कॉलेजात मेणाच्या तबकात टाचण्या लावून बेडूक उघडला होता, आणि त्याची आकृती इतकी नीट काढली होती की प्राध्यापकांनी ती भिंतीवर लावली. हे तुम्हाला कळलं मात्र, मग जन्मभर सुटका नाही. पाहुणे आले की तुम्ही सांगायचात, "आमच्या वैनीनं बेडूक आतनं बगितलाय. मी आपला भाईरनं बगतो."

बाहेरून बघायला मला तुम्ही शिकवलंत असं म्हणणार नाही, तुम्ही टेंभा मिरवत बसाल. आपण दोघं मिळून शिकलो. लिफ्टच्या पाण्याचा सिमेंटचा हौद बांधला त्या पहिल्या वर्षीचं आठवतं? सकाळी मी तोंड धुवायला गेले तर हौदात सात-आठ बेडूक पोहत होते. गुळगुळीत उभ्या भिंती. पाय मारून मारून थकले होते, एक तर पांढरं पोट वर करून तरंगत होता. बेडूक पाण्यात बुडून मरतो यावर माझा त्या दिवसापर्यंत विश्वास बसला नसता. बसायला जागा आणि बाहेर पडायला वाट नसेल तर तोही बुडतो. मी जुनं गोणपाट आणलं, एक टोक काठावर दगडाखाली दाबलं आणि दुसरं पाण्यात सोडलं. तुम्ही त्या टोकाला खडा बांधलात, नाहीतर ते तरंगून वर येत होतं. थोड्या वेळात पहिला बेडूक गोणपाट धरून चढला, काठावर बसला, आणि आपल्या दोघांकडे असा बघत राहिला की तुम्ही त्याला कडक सलाम ठोकलात.

"वैनी," तुम्ही म्हणालात, "ही पोस्ट तुमची. हितली ड्यूटी रोज सकाळी तुमी करायची." आणि मी केली. दातांची कवळी, चष्मा, मग हौद. माझा सकाळचा क्रम तुम्हीच लावून दिलात, आणि वर मलाच शिस्तीची म्हणून चिडवत राहिलात.

ऊस तुटला की पाचट जाळायची तऱ्हाही तुम्ही बदललीत. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला, मुलांनो. लोक चारी बाजूंनी एकदम पेटवतात, लवकर उरकतं म्हणून. मग आतला साप, मुंगूस, बेडूक, जे असेल ते आतच. तुम्ही रस्त्याच्या बाजूनं पेटवायचात आणि डबऱ्याकडची बाजू मोकळी ठेवायचात. आधी पाचटात काठी आपटत एक फेरी. तोडकरी गंमत करायचे, "सुभेदार, बेडकास्नी नोटीस पाठवली का?" तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, "पाठवलीया. वाचाया येळ लागतो त्यास्नी. शिकल्याली न्हाईत." मग तुमचं लक्ष माझ्याकडे.

कीड मारायच्या एंड्रिनचा पंप मात्र तुम्ही एकदाच, फार रागानं, हातातून हिसकावून घेतलेला मी पाहिला. शेजारच्या रानातला गडी तो ओढ्यात खंगाळत होता. ओढ्याच्या कडेला बेडकाची शेपटीवाली पिल्लं काळ्या मोहरीसारखी दाटली होती. तो बिचारा म्हणाला, "आवं, वाहतं पानी हाय." तुम्ही म्हणालात, "वाहून कुटं जातंय? खाली गाव हाय न्हवं?" त्याला आपल्या रानात खड्डा काढून दिलात आणि तिथं पंप धुवायला लावलंत. बेडकाची कातडी पाणी पिते, म्हणून पाण्यातलं विष त्याला आधी लागतं, हे मी तुम्हाला पुस्तकातून सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "आनि नंतर आमास्नी." माझ्या पुस्तकात ते वाक्य नव्हतं.

अनघा-निखिल आले तेव्हा अनघानं डबऱ्याच्या काठी बसून तुम्हाला विचारलं होतं, बेडकांचा उपयोग काय? मी तत्परतेनं सांगायला लागले, उसावरचे किडे खातात, टोळ खातात, बगळ्यांना आणि सापांना त्यांच्यामुळे पोटभर मिळतं. तुम्ही मध्येच म्हणालात, "उपेगाचा हाय म्हनूनच ऱ्हाऊ द्यायचा म्हनलं, तर मीबी पेन्शनीत निघालोय. मला कोन ठिवंल, पोरी?" ती हसली. मग तुम्ही तिचे हात डबऱ्यात ओले करवलेत, कोरड्या हातानं बेडूक धरला तर त्याची कातडी सोलते म्हणून, आणि एक छोटा बेडूक तिच्या ओंजळीत ठेवलात. ती अजून पत्रात त्या बेडकाची चौकशी करते.

आता त्या पोतीवाल्यांचं. हे लिहिणं जड जातं.

पावसाळ्याच्या तोंडाला बाहेरगावची माणसं आली. पोती आणि गॅसबत्त्या घेऊन. परदेशातल्या हॉटेलांत बेडकाच्या तंगड्या आवडीनं खातात, म्हणून मिरजेच्या स्टेशनावरून गोणपाटात भरून माल रवाना होत होता. मोठा पिवळा बेडूक त्यांना हवा, जो जून महिन्यात डबऱ्यात उतरतो आणि आपण दिसतो आहोत की नाही याचं ज्याला भान राहत नाही. अंडी घालायच्या दिवसांतच धरायचे, म्हणजे पुढच्या वर्षीचे आपोआप संपले. दिवेलागणीला ते आपल्या बांधावर आले. तुम्ही पलटणीतला कोट घालून डबऱ्याच्या काठावर खुर्ची टाकून बसलात, मांडीवर काठी. त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "आजोबा, बेडकं तुमी पेरली का काय?" तुम्ही म्हणालात, "न्हाई. म्हनून तर मला इकता येत न्हाईत." ते गेले. खाली ओढ्यावर गेले. शेजाऱ्यांनी त्यांना वाट दाखवली, चहा पाजला. सकाळी ओढ्याकाठच्या चिखलात नुसते पायांचे ठसे होते.

तेव्हा आपण खरे भांडलो. मी म्हटलं, "तुमचं डबरं राहिलं, पण ओढा गेला."

"ओढा माजा न्हाई."

"बेडकाला तुमचा बांध कळतो का, भाऊजी? पंचायतीत चला. सगळ्यांना सांगू. वेशीतूनच परत पाठवू त्यांना."

"मी माज्या बांधाचा धनी. गावाला शानपन शिकवाया मी कोन?"

पुढच्या वर्षी आपल्या डबऱ्यातसुद्धा आवाज निम्मा झाला होता. ओसरीवर आपण दोघं ऐकत बसलो होतो. तुम्ही तंबाखू मळत राहिलात, खाल्ली मात्र नाहीत.

मिरजेच्या दवाखान्यात तुमचा श्वास लागत होता, तरी तुम्ही आधी विचारलंत ते हौदाचं. "गोनपाट सोडलंय न्हवं?" सोडलं होतं. मग मी पुन्हा तोच विषय काढला. म्हटलं, गावाला का नाही सांगत तुम्ही? तुमच्यामागे कोण बघणार हे सगळं?

"म्हंजे मी मरनार हे ठरवूनच आलाय व्हय?" तुम्ही एवढ्या मोठ्यानं म्हणालात की शेजारच्या खाटेवरचा म्हसवडचा म्हातारा खोकत खोकत हसला.

मग हळू आवाजात म्हणालात, "गावाला सांगायचं म्हंजे गावापुढं हात पसरायचा, वैनी. आमच्यासाठी यवडं करा, असं म्हनायचं. मला न्हाई जमत. मला हुकूम द्याया जमतो, न्हाईतर सोता कराया जमतं. मधलं जमत न्हाई."

मी म्हणणार होते की मागणं म्हणजे भीक नव्हे. पण नर्सबाई आल्या आणि आपल्या दोघांनाही दटावलं. तुम्ही म्हणालात, "उरल्यालं घरी गेल्यावर भांडू." भाऊजी, उरलेलं माझ्याजवळ तसंच आहे. आणि तुम्हाला कधी न सांगितलेलं हेही आहे की माझी तिन्ही मुलं दूर गेली तेव्हा हे गाव मला परकं वाटायचं, आणि सकाळच्या त्या हौदाच्या फेरीनं, तुमच्या टोमण्यांनी, मला इथं माणसात ठेवलं. आभार मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, वैनी इंग्रजी बोलायला लागल्या.

तर आता काल काय झालं ते सांगते.

तेरावा आटोपला, पाहुणे पांगले. ट्रॅक्टरवाला आज सकाळी यायचा होता. मी सुरेशला परसात नेलं. त्यानं कारखान्यातून आणून टाकलेले जुने टायर तिथं पडले आहेत, त्यांत गेल्या आठवड्यातल्या वळवाचं पाणी साचलं होतं. मी एक टायर उन्हात आडवा केला. पाण्याबरोबर वळवळणारे किडे बाहेर आले, सुतासारखे.

"हे डास," मी म्हटलं. "तुझ्या लेकीच्या उशापासून दहा हातांवर."

तो खाली वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "डबऱ्यातबी हेच असत्यात की, मोठी आई."

"असतात. खोटं नाही सांगणार. पण तिथं त्यांना खाणारेही असतात. टायरात कोण आहे?"

त्यानं सगळे टायर उपडे केले. पिंपावर फडकं बांधायला बायकोला हाक मारली. मुलगा वाईट नाही तुमचा. मी त्याला हेही सांगितलं की डबरं आत्ता कोरडं दिसतं म्हणून ते रिकामं नाही. तळाच्या ओलसर मातीत ते अंग चोरून बसलेले असतात, पावसाची वाट बघत. ट्रॅक्टरनं माती लोटली की सगळे जागच्या जागी गाडले जातील. त्याचा चेहरा हलला. पण तो म्हणाला, "मोठी आई, हे सगळं खरं. पर आबांच्या मनात असतं तर कावळा शिवला नसता. त्यांनी सोडलं, मग आपुन कशाला धरायचं?"

माझं शिक्षण सगळं तिथं संपलं. कावळा खोटा म्हणावं तर त्याच्या बापाचं समाधान खोटं म्हटल्यासारखं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून हौसा बोलली. तुम्ही असताना ती माझ्यासमोर तुमच्याविषयी कधी एक शब्द बोलली नव्हती, आठवतं ना?

"त्यांची इच्छा सरली आसंल. माजी न्हाई सरली."

सुरेश वळला. "तुजी कसली इच्छा, आई?"

"का? मी जित्ती हाय न्हवं अजून? मेलेल्याला इचाराया सारं गाव नदीवर गेलं. मला कुनी इचारलं?"

"आगं, पर तुला कवापासनं बेडकांचं..."

"तू पाळन्यात हुतास तवापासनं. तुजा बा पल्टनीत, सासू-सासरं वरच्या घरात, आन मी त्या खालच्या खोपटात तुला घिऊन एकली. राती डबरं वरडत आसलं की मी निजायची. वरडायचं थांबलं की वळखायची, कुनीतरी बांधावर आलंय. मग कोयता घिऊन बसायची. दोनदा मानूस हुता. कुनाला सांगितलं न्हाई. तेवडी सोबत हुती मला. ते डबरं मुजवायचं न्हाई."

एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी आपटायला लागली. सुरेश परसातून निघाला, स्कूटरला किक मारली, जाऊन ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून सांगून आला. येताना एवढंच म्हणाला, "औंदा ऱ्हाऊ दे. फुडच्या सालचं फुडं बगू."

भाऊजी, तुम्हाला हे माहीत होतं का? तिनं तुम्हाला सांगितलं होतं? म्हणूनच का तुम्ही मला म्हशीची, कॅम्पाची, दर वेळी वेगळी थाप मारत होतात? आत जाऊन हौसाला विचारलं. ती म्हणाली, "म्या कवा सांगितलं न्हाई. त्यांनी कवा इचारलं न्हाई." आणि पुढे, पदरानं नाक पुसत, "पर ठिवलं तरी."

मला तुमच्याशी आता भांडता येत नाही, म्हणून सांगून टाकते. एका वर्षाची मुदत मिळाली आहे, आणि तीही आपल्या बांधापुरती. ओढा तसाच आहे. पोतीवाले यंदाही येतील. उद्या चावडीवर पंचायत बसणार आहे, आणि मी जाणार आहे. मागायचं फार नाही. पाचट एका अंगानं पेटवा, पंप ओढ्यात धुऊ नका, आणि पोतीवाल्यांना ओढ्याची वाट दाखवू नका. लोक हसतील. तुम्ही सुभेदार असून तुम्हाला जे जमलं नाही ते मला जमेल असं मी म्हणत नाही. मधलं तेवढं करून बघते.

हौसाला हे सांगितलं तर ती म्हणाली, मी बी येते. मी तिला सांगितलं की सुतकाचे दिवस सरलेत, पण लोक बोलतील, अजून ती घराबाहेर पडायची नाही असं सगळे धरून चालले आहेत. ती म्हणाली, "बोलू द्यात. ऐकाया मला कान हायत."

आत्ता ती चुलीपुढे आहे आणि मी पलीकडे पाटावर बसून हे लिहितेय. मघाशी तिनं विचारलं, "आक्का, तितं बसून बोलायचं का उबं ऱ्हाऊन?"

"उभं राहून," मी म्हटलं.

ती उठली. हात पुसले, पदर सारखा केला आणि तिथंच, चुलीकडे तोंड करून, एकदा म्हणून बघितलं. मला वाटलं होतं, ती तुमच्या नावानं सुरुवात करेल. सुभेदारांची इच्छा होती, असं काहीतरी.

"मी हौसाबाई," ती म्हणाली. "मला गावाकडं कायतरी मागायचं हाय."